आमची बिनविरोध निवडणूक

माझ्या नवऱ्याला एक कला येते, ती म्हणजे निवडणूक होऊ न देणं. पुण्यात आम्ही राहायचो त्या सोसायटीत कमिटीच्या जागेसाठी दोघं उभे राहिले की हा संध्याकाळी एकाच्या घरी चहाला जायचा आणि तिथून उठून दुसऱ्याच्या घरी. आपल्या आपल्यात मतदान कशाला, कायमची तोंडं फिरतात, असं दोघांनाही सांगायचा. मग दोघांपैकी ज्याला जास्त लाज वाटायची तो अर्ज मागे घ्यायचा. त्यामुळे दर वेळी बरा माणूस घरी बसायचा आणि निलाजरा चेअरमन व्हायचा. लिफ्ट बंद असायची, टाकी गळत असायची, पण खाली नोटीस बोर्डावर 'बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन' असं लिहिलेलं असायचं आणि ते वाचून याला भरून यायचं.

ड्रेस्डेनला आम्ही चिपच्या कारखान्यातल्या नोकऱ्यांमुळे आलो. आधी मी, मग तो. इथे येऊन त्याने काही केलं असेल तर मराठी मंडळ काढलं आणि त्याची कार्यकारिणी दर वर्षी बिनविरोध निवडून आणली. गणपतीत आरती संपली की तो ही गोष्ट आवर्जून माइकवर सांगतो. लोक टाळ्या वाजवतात, कारण पुढे जेवण असतं.

हे त्याच्या रक्तात कुठून आलं ते मला माहीत होतं. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. एका पुढाऱ्याच्या स्वागताला पोरांना झेंडे देऊन उन्हात उभं करायला त्यांनी नकार दिला, आणि पुढच्याच महिन्यात त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. लोक म्हणाले, भांडा, आम्ही येतो बरोबर. सासूबाईंनी मुकाट्याने त्यांची ट्रंक भरून दिली. कशाला वाद, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. माझा नवरा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. पक्ष शाळेत शिरला की बाप घरातून जातो, हे त्याच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते कायमचं. मला त्याची कीव यायची. आता येत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. आमची मुलगी तेव्हा नुकतीच तिसरीत गेली होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं. मी विचारायची, जेवलीस का. ती म्हणायची, या, म्हणजे हो. मी म्हणायची, काय जेवलीस. ती म्हणायची, नूडेल्न. तिच्या जिभेवर माझी भाषा कधी येणारच नाही, अशी मी मनाची तयारी केली होती. तयारी केली होती असं नुसतं म्हणायचं. रात्री रडू यायचं.

सासूबाईंना जर्मनचं अक्षर येत नव्हतं आणि इंग्रजीही येत नव्हतं, आणि तेच कामाला आलं. दुपारी शाळा सुटली की मुलं त्याच आवारात होर्टमध्ये थांबतात, आईबाप कामावरून येईपर्यंत. तिला तिथून आणायला मी सासूबाईंना पाठवायला लागले. त्या लवकर जायच्या आणि आवारातल्या बाकावर बसायच्या. कमरेच्या पिशवीत सागरगोटे असायचे. एक दिवस त्यांनी ते काढून उडवायला आणि झेलायला सुरुवात केली, आणि आमच्या मुलीबरोबर वर्गातल्या चारपाच जणी भोवती बसल्या. सासूबाई मराठीत रागावायच्या, मराठीत शाबासकी द्यायच्या. त्या जर्मन पोरींना काही कळेना, म्हणून माझी मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायला लागली. आजीला सांगायचं तर मराठी बोलावंच लागे.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर ती दारातच म्हणाली, "आई, आज मी आजीला हरवलं." पूर्ण वाक्य. मी बूट काढता काढता तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. त्या महिन्यात ती रोज बोलत होती, चुकत होती, हात हलवत होती, अगदी सासूबाईंसारखं 'अगंबाई' म्हणत होती. मला आयुष्यात याहून जास्त काही नको होतं, आणि ते त्या आवारातल्या बाकावर मिळत होतं.

आता त्या सायकलवाल्याबद्दल सांगते. मुलीच्या वर्गातल्या एका मुलाचा तो बाप. उंच, हसरा, शाळेसमोर पोरांच्या सायकलींची साखळी चढवून देणारा. उन्हाळ्यातल्या शाळेच्या जत्रेत शेगडीवर तोच उभा होता. आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर त्याने भाज्यांसाठी वेगळी जाळी आणली, वेगळा चिमटा आणला आणि आम्हाला बोलावून ती कोरी जाळी दाखवली. माझा नवरा त्या जाळीवर खूश होऊन गेला. किती विचार करतो बघ हा माणूस, असं घरी येऊन त्याने मला तीनतीनदा ऐकवलं.

मग एका शनिवारी आम्ही सगळे बाजारातून येत होतो, तर ट्रामच्या थांब्याजवळ एका पक्षाची छत्री लावलेली होती. त्या पक्षाच्या फलकांवर विमानाचं चित्र असतं आणि त्या विमानात आमच्यासारख्यांनी बसून परत जावं अशी इच्छा. छत्रीखाली पत्रकं वाटत सायकलवाला उभा होता. त्याने आम्हाला पाहून हात केला. माझ्या नवऱ्यानेही केला. सासूबाईंनी विचारलं, कोण रे तो. नवरा म्हणाला, शाळेतले आहेत, फार चांगले आहेत. मी रस्त्यातच म्हटलं की त्या छत्रीवर काय लिहिलंय ते वाच. तो म्हणाला, तो त्यांचा खाजगी प्रश्न आहे.

पंधरवड्याने वर्गाचा एल्टर्नआबेंड होता, म्हणजे पालकांची सभा. त्यात पालकांचा प्रतिनिधी निवडतात. वर्गावर्गाचे हे प्रतिनिधी आपल्यातल्या काहींना शाळेच्या मोठ्या सभेत पाठवतात, आणि शाळेचे नियम त्या सभेत ठरतात. वर्गात पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. सायकलवाल्याचं नाव आधीच ठरलेलं होतं. बाईंनी रीत म्हणून विचारलं, आणखी कुणी? तेव्हा मागून एका आईने माझं नाव सुचवलं. ती ट्राम चालवते, तिच्या अंगाला सिगारेटचा वास येतो, आणि कुणाशी गोड बोलायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आमची ओळख फाटकापुरतीच. पण सागरगोट्यांच्या घोळक्यात तिची मुलगी रोज असायची.

मी हो म्हटलं. आणि उभी राहूनच सायकलवाल्याला विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाचं काम करता ते मत देण्याआधी सगळ्यांना सांगाल का?

मी कुणाच्या आजाराबद्दल विचारलं असतं तरी लोक एवढे अवघडले नसते. बाई तरुण होत्या, त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले. शाळा ही तटस्थ जागा आहे, इथे पक्षाचा विषय येत नाही, आपण सगळे इथे मुलांसाठी जमलो आहोत, असं त्या एका दमात म्हणाल्या. सायकलवाला रागावला नाही. मी इथे फक्त एक बाप म्हणून बसलोय, असं तो हसून म्हणाला, आणि अर्ध्या वर्गाने बाकांवर बोटं वाजवली. हे इथलं टाळ्या वाजवणं.

ट्रामवाली मागून म्हणाली, "बाप म्हणून घरी बस. इथे तू मत देणार आहेस."

तेव्हाही मला वाटत होतं आणि आजही वाटतं की तिचं एकच वाक्य त्या सभेत शहाणपणाचं होतं. पक्ष वर्गात आलेलाच होता. बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. फक्त त्याचं नाव घ्यायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम ज्याला लपायचं होतं त्याच्याच कामाचा होता. मला काही लपवायचं नव्हतं. माझं सगळं माझ्या कातडीवर लिहिलेलं आहे.

मी हे बोलणार होते. शब्द जुळवत होते, कारण रागात माझं जर्मन अडखळतं. तेवढ्यात शेजारी माझा नवरा उभा राहिला. त्याचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि त्या दिवशी ते फारच चांगलं होतं. त्याने सगळ्यांची माफी मागितली. वर्गात दोन गट पडावेत असं आमच्या घरात कुणालाच वाटत नाही, म्हणाला. आमच्याकडे अशा वेळी मोठ्या मनाने माघार घ्यायची पद्धत आहे, आणि माझी पत्नी आपलं नाव मागे घेते आहे, म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की असं आहे का. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. नाही म्हणायचं तर तीस परक्या माणसांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं, तेही अशा भाषेत जिच्यात मला भांडता येत नाही. मी मान हलवली. लोकांनी पुन्हा बाकं वाजवली, या वेळी जास्त जोरात, कारण आता लवकर घरी जाता येणार होतं. सायकलवाल्यासाठी हात वर झाले. आमच्याच कारखान्यातलं एक नागपूरचं जोडपं होतं, त्यांचेही झाले. ट्रामवाली जॅकेट घालून निघून गेली.

आणि मग सायकलवाल्याने मनाचा मोठेपणा दाखवला. असा समंजस माणूस आपल्याबरोबर हवा, असं म्हणून त्याने माझ्या नवऱ्याचं नाव श्टेलफरट्रेटर म्हणून सुचवलं, म्हणजे त्याच्या जागी बसणारा दुय्यम. तेही बिनविरोध झालं. परत येताना ट्राममध्ये माझ्या नवऱ्याचा चेहरा इतका सुखावलेला होता की मी खिडकीकडे तोंड करून बसले.

घरी आल्यावर मात्र मी बोलले. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या आणि दार उघडं होतं, तरी बोलले. तो म्हणाला, पक्ष शाळेत आला की काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय.

"तुझ्या बाबांची बदली कुठल्या पक्षाने केली ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं," मी म्हटलं. "म्हणून लोक येतो म्हणाले. इथे तुझी बदली करतील आणि तू आभार मानशील."

त्याला ते लागलं. लागावं म्हणूनच मी म्हटलं होतं. आत सासूबाईंनी कुकरचं झाकण उगाच काढून परत लावलं.

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर शाळेची मोठी सभा झाली. वर्गप्रतिनिधींनी सायकलवाल्याला आणि आणखी काही आईबापांना तिथे पाठवलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी एका आईला ताप आला आणि सायकलवाल्याने माझ्या नवऱ्याला बदली म्हणून बोलावून घेतलं. हा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. परत आला तेव्हा मी मुलीचे केस विंचरत होते. काय झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला की काही नाही, शाळेच्या नियमांत एक वाक्य वाढवलंय. शाळेच्या आवारात आपण सगळे जर्मन बोलतो. म्हणजे एकमेकांना समजावं म्हणून, कुणी एकटं पडू नये म्हणून. शब्द फार जपून वापरलेत.

"कुणी आणलं ते वाक्य?"

"त्यांनीच. पण आल्झो, म्हणजे, पक्षाचं वगैरे काही बोलले नाहीत. मुलांच्या हिताचंच बोलले."

"विरोधात किती होते?"

"कुणीच नाही. एकमताने झालं."

माझा हात केसांतच थांबला. मी विचारलं, तू? तो खुर्चीवर बसून मोजे काढत होता. म्हणाला, हात वर गेले तेव्हाच दिसत होतं की मंजूर होणार. माझ्या एका मताने काय फरक पडणार होता? उगाच वेगळं कशाला दिसायचं?

"म्हणजे तू हात वर केलास."

"गेनाऊ, अगदी तेच सांगतोय ना मी. एकमताने झालं."

त्याला अजूनही कळत नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की एकमत झालं ही चांगली बातमी आहे. मी त्याच्याशी लग्न केलं तेव्हा त्याच्या या सौम्यपणावरच भाळले होते. त्या रात्री मला त्याच्याविषयी नुसता तिटकारा वाटला, आणि तो वाटल्याबद्दल जराही वाईट वाटलं नाही.

नियम मुलांना वर्गात समजावून सांगितला गेला. मुलांना दुसऱ्याला टोकायला मिळालं की किती आनंद होतो ते ज्याला मूल आहे त्याला माहीत आहे. रशियन बोलणाऱ्या एका मुलीला इतरांनी टोकून टोकून रडवलं. आमची मुलगी तर आधीपासूनच नियम पाळणारी. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी लाल दिव्याला उभी राहणारी. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बाकावर सागरगोटे काढले आणि तिला हाक मारली, तर ती लांबूनच म्हणाली, "आजी, हिअर निश्ट." इथे नाही. सासूबाईंना वाटलं, आज खेळायचं नाहीये. त्यांनी सागरगोटे पिशवीत ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं विचारलं की डबा संपवलास का. तिने इकडेतिकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि फाटकाकडे चालू लागली.

हे मला सासूबाईंनी नाही सांगितलं. ट्रामवालीने सांगितलं. तिची मुलगी रोज विचारते, आजी आता खेळ का नाही आणत. मी एके दिवशी अर्धी सुट्टी टाकून स्वतः गेले. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर. पोरी दुसऱ्या कोपऱ्यात दोरीवर उड्या मारत होत्या. सायकलवाला त्याच्या मुलाला न्यायला आला होता. तो मुद्दाम माझ्याकडे आला आणि म्हणाला की तुमच्या सासूबाईंनी गैरसमज करून घेऊ नये, हा नियम पाहुण्यांसाठी नाही, त्यांनी खुशाल बोलावं. मी म्हटलं, कुणाशी? तो हसला आणि त्याने सासूबाईंना मान झुकवून नमस्कार केला, हात जोडून. आमच्याकडूनच शिकला होता. सासूबाईंनीही उठून हात जोडले.

आवारापुरता नियम, घरी काय बंधन आहे, असं माझा नवरा म्हणत राहिला. त्याला मुलं ठाऊकच नाहीत. जी गोष्ट शाळेत लपवावी लागते ती पोरं घरी मिरवत नाहीत. आधी फाटकापर्यंत जर्मन होतं, मग ट्रामपर्यंत झालं, मग जिन्यापर्यंत, आणि नोव्हेंबर लागला तेव्हा जेवणाच्या टेबलावरही आलं. सासूबाई विचारायच्या, ती मान डोलवायची किंवा जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि माझा नवरा मधे बसून भाषांतर करायचा. तो ते भाषांतर फार छान करायचा. 'नको' असेल तर 'आत्ता भूक नाही, आजी, पण छान झालंय' असं सांगायचा. सासूबाई ऐकून घ्यायच्या. त्यांना नातीचा चेहरा दिसत होता, त्यामुळे भाषांतर कितपत खरं आहे ते कळत असणार.

मी मुलीवर ओरडले. एकदा तिला म्हटलं की तू आजीशी बोलली नाहीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ती म्हणाली, जर्मनमध्येच, की पपांनी पण हात वर केला होता. तिला ते सायकलवाल्याच्या मुलाने सांगितलं होतं. नवऱ्याने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, जाऊ दे, आपल्या घरात भांडणं नकोत.

सासूबाईंची निघायची वेळ आली. विमानतळावर त्यांची बॅग मी देऊन टाकली आणि आम्ही तपासणीच्या दारापाशी उभे राहिलो. सासूबाईंनी नातीला कवटाळलं. तिनेही मिठी मारली, मनापासून मारली, ते मला कबूल करायला हवं. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती काहीतरी बोलली. मी बाजूलाच होते, मला नीट ऐकू आलं. माझ्या नवऱ्यालाही आलं.

सासूबाईंनी मान वर करून विचारलं, "काय म्हणते रे?"

"लवकर परत ये म्हणते," तो लगेच म्हणाला.

त्या हसल्या. तिथे थांबता आलं असतं. पण कितीतरी दिवस त्या घरात सगळं त्याच्या सोयीचं भाषांतर होऊन येत होतं, आणि मला ते आणखी एक मिनिटही सहन होत नव्हतं. सासूबाईंना दुखवायचं माझ्या मनात नव्हतं. त्याला दुखवायचं होतं, आणि त्याला लागेल अशी दुसरी जागा मला दिसली नाही.

"नाही, आई," मी म्हटलं. "ती म्हणाली, पुढच्या वेळी आलीस तर शाळेत मला घ्यायला येऊ नकोस."

मुलीला मराठी कळतं. आधीचं कळलं होतं आणि हेही कळलं. तिने नाही म्हटलं नाही. ती बुटांकडे बघत उभी राहिली. माझा नवरा पांढराफटक पडला, आणि मला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. मला, मुलीला, कुणालाही.

सासूबाईंनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. नातीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "नाही यायची मी. कशाला वाद."

माझ्या नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला.